चौथ्या लार्चखालची अळंबी

झाखार येर्मोलायेविच मांस घेताना आधी बोटाने दाबून बघायचा. बोट उचलल्यावर खळगा लगेच भरून आला तर ठीक, नाहीतर पुढचा गाळा. त्या शनिवारी त्याने तीन गाळे मागे टाकले. चौथ्या गाळ्यावरची बाई त्याला ओळखून होती.

"काय हो आजोबा, खायचंय की लग्न लावायचंय त्याच्याशी?"

"लग्नाचंच आहे," झाखार म्हणाला. "पालथं कर. मागची बाजू बघू दे."

मागची बाजूही ठीक निघाली. मांडीच्या आतला, शिरा नसलेला तुकडा होता. त्याने तो कागदात बांधून घेतला, बाहेर आल्यावर पुन्हा उघडून हुंगला आणि मगच घराकडे वळला.

झारेच्येन्स्कच्या फाउंड्रीत त्याने अडतीस वर्षं मोल्डरचं काम केलं होतं. वाळू चाळायची, भिजवायची, साच्यात ठोकून बसवायची आणि वितळलेलं लोखंड ओतायचं. साचा फोडेपर्यंत आत काय झालंय ते कळत नाही. कधी वरून आरशासारखं गुळगुळीत काम निघतं, आणि हातोडीने टकटक केलं की आतली पोकळी बोलते. अडतीस वर्षं तो आवाज ऐकल्यावर झाखारचा गुळगुळीत गोष्टींवरचा विश्वास उडाला होता. नवे शेजारी, दुकानातला पाव, हवामानाचा अंदाज, दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण, सगळ्यांना तो मनातल्या मनात टकटक करून बघायचा. बहुतेक ठिकाणी त्याला पोकळी ऐकू यायची.

आज दोन वाजता त्याची मुलगी वार्वारा एका माणसाला घेऊन येणार होती. माणसाचं नाव ग्लेब. लिफ्ट दुरुस्त करतो, वय सत्तेचाळीस, याहून जास्त झाखारला माहीत नव्हतं. वार्वारा त्रेचाळीसची. तिचं हे दुसरं लग्न. पहिल्या वेळी, स्तासच्या वेळी, तिने बापाचं ऐकलं नव्हतं. स्तास पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्याने न विचारता दुसऱ्याच्या ताटातली काकडी उचलली होती. झाखार तेव्हाच म्हणाला होता, "हा टिकायचा नाही." स्तास नऊ वर्षं टिकला. पण कसा टिकला ते सगळ्या इमारतीला माहीत होतं.

या वेळी तिने फोनवर स्वतःच सांगितलं होतं, "बाबा, त्याला जेवायला बसवा. नीट बघा. आणि मग काय ते बोला. या वेळी मी ऐकेन."

फोन ठेवल्यावर झाखार बराच वेळ स्टुलावर बसून राहिला होता. म्हातारपणी कुणी ऐकेन म्हटलं की बरं वाटायला हवं. त्याला मात्र ओझं वाटलं. हो म्हटलं आणि चुकलं तर? नाही म्हटलं आणि चुकलं तर? ओतकाम बिघडलं तर भंगारात टाकून पुन्हा वितळवता येतं. पोरीचं तसं करता येणार नव्हतं.

म्हणून त्याने बेफस्त्रोगानोव करायचं ठरवलं. मांस, अळंबी आणि आंबट साय. त्याची बायको पोलिना फाउंड्रीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण होती. ती हेच चारशे माणसांसाठी रांधायची आणि घरी तिघांसाठी रांधायची, आणि दोन्हीकडे चव तीच. तिला जाऊन चार वर्षं झाली. झाखारने ते तिच्याकडून बघून घेतलं होतं, विचारून नव्हे. विचारलं असतं तर तिने काहीतरी मागे ठेवलं असतं असा त्याचा संशय होता.

घरी आल्यावर त्याने मांस फडक्याने टिपलं आणि तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. थोडं गोठलं की सुरीखाली हलत नाही. मग धाग्याला आडवं धरून बोटभर जाडीच्या चकत्या कापल्या. उभं कापलं तर दाताखाली दोरी येते. प्रत्येक चकतीवर लाकडी हातोडी एकदाच मारली. दोनदा मारणारा घाईचा माणूस. मग त्या चकत्यांचे करंगळीएवढे तुकडे केले. हे सगळं उभ्याने. बसून कापलेलं मांस वेडंवाकडं होतं, असं तो म्हणायचा.

अळंबी त्याने सकाळीच भिजत घातली होती. दोऱ्यात ओवून वाळवलेली, गेल्या साली स्वतः आणलेली, पांढरी अळंबी. नाव पांढरी, टोपी तपकिरी. त्या जंगलातली सगळ्यांत मोलाची.

ती कुठून यायची हे जगात एका झाखारला माहीत होतं. निदान तसं असायला हवं होतं.

शहरापासून बसने पाऊण तास. एका वळणावर टपालाच्या रस्त्याचा जुना मैलाचा दगड आहे, तिथे उतरायचं, ओढा ओलांडायचा, आणि मग एका विसरलेल्या वाटेच्या कडेला सात लार्च एका ओळीत उभे आहेत. कुण्या जुन्या वनरक्षकाने लावले असावेत. त्या मुलखात बाकी सगळे फर आणि बर्च. लार्चलाही सुयांसारखीच पानं, पण शरद ऋतूत ती पिवळी पडून गळतात. मऊ, आखूड, सोनेरी सुयांचा थर पडतो, आणि त्या थराखाली पांढरी अळंबी येतात. झाखारला ती जागा लग्नाच्या आधी सापडली. लग्नाच्या वर्षी त्याने पोलिनाला एकदाच तिथे नेलं होतं. पुढे ती म्हणायची, "मला बाई ती वाट आठवतसुद्धा नाही." झाखारला ते बरंच वाटलं होतं.

पण तीसेक वर्षांपूर्वी, एका सोमवारी तो तिथे गेला आणि थबकला. कुणीतरी येऊन गेलं होतं. शेवाळ जागच्या जागी होतं, जरा जास्तच जागच्या जागी. त्याने हाताने उचकटून पाहिलं. खाली खळगे. अळंबं सुरीने कापलेलं नव्हतं, मुळापासून हलकेच पिळून काढलेलं होतं, आणि खळगा शेवाळाने झाकलेला होता, मुळं वाळू नयेत म्हणून. झाखार स्वतः असंच करायचा.

त्या दिवसापासून झाखारच्या आयुष्यात तो दुसरा आला. झाखार त्याला 'दुसरा' असंच म्हणायचा. दुसरा कधी दिसला नाही. वर्षातून तीनचारदा यायचा, निम्मी घ्यायचा, निम्मी ठेवायचा, लहान पिल्लांना हात लावायचा नाही. म्हणजे काम चोख, आणि तरी चोर. झाखार त्याच्यासाठी पहिल्या बसने निघायला लागला. बसमध्ये प्रत्येकाच्या टोपलीकडे बघायचा. दगडापाशी एकदम उतरायचा नाही. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत यायचा. निवृत्तीनंतर तो मंगळवारी आणि गुरुवारी जायचा. शनिवार-रविवारी बसमध्ये गर्दी, आणि गर्दीत डोळे.

पोलिनाला तो सगळं सांगायचा. ती पीठ मळता मळता म्हणायची, "जाऊ द्या हो. त्यालाही घरी खाणारी तोंडं असतील."

वार्वाराला त्याने ती जागा कधीच सांगितली नाही. ती नवऱ्याला सांगेल, नवरा गॅरेजमध्ये सांगेल, आणि मग सगळं झारेच्येन्स्क बादल्या घेऊन येईल.

परवाच्या गुरुवारी तो गेला होता. चौथ्या लार्चखाली चौदा पिल्लं होती, बटणाएवढी. बाकीच्यांखाली मध्यम होती. पाऊस पडून गेला होता, अजून चार दिवसांत तळहाताएवढी झाली असती. त्याने एकालाही हात लावला नाही. मंगळवारी येऊ, असं ठरवून परतला.

बरोबर दोन वाजता बेल वाजली. वेळेवर आलेला पाहुणा झाखारला आवडायचा नाही. असा माणूस खाली उभा राहून घड्याळ बघत असतो.

"बाबा, हा ग्लेब."

"नमस्कार, झाखार येर्मोलायेविच." ग्लेब उंच होता, दाढी केलेली, केस विंचरलेले, बूट चकचकीत. गुळगुळीत माणूस. त्याच्या हातात झाकलेली टोपली होती.

"या. बूट काढा. चपला तिथे आहेत. डाव्या चपलेचा तळ सुटलाय, जपून."

ग्लेबने चपला घातल्या, डावी उलटी करून बघितली. "डिंक आहे का घरात? पाच मिनिटांचं काम आहे."

"राहू द्या. चार वर्षं चालतेय."

वार्वाराने टोपलीवरचं फडकं काढलं. "बाबा, बघा काय आणलंय. आज सकाळची आहेत."

टोपलीत पांढरी अळंबी होती. पंचवीस-तीस. घट्ट, तपकिरी टोपीची, एकालाही किडीचं भोक नाही.  झाखारने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, टोपली त्यावर हलकेच ओतली आणि एकेक अळंबं उचलून निवडायला लागला. तिसऱ्या अळंब्याशी त्याचा हात थांबला.

टोपीला एक सुई चिकटली होती. आखूड, मऊ, सोनेरी.

त्याने चौथं उचललं. त्यावर दोन. त्याने बुंधा उलटा करून बघितला. कापलेला नव्हता. पिळून काढलेला होता, आणि तळाची माती जागेवरच खरवडलेली होती.

मागे वार्वारा बोलत होती, रस्ता किती खराब झालाय, पुलापाशी कसं खोदून ठेवलंय. झाखारला ते ऐकू येत नव्हतं. हाच तो. किंवा त्याचा कुणीतरी.

"छान अळंबी आहेत," तो पाठ न वळवता म्हणाला. "कुठली?"

हा प्रश्न त्या मुलखात कुणी विचारत नाही. वार्वाराने चमकून बापाकडे बघितलं.

"जंगलातली," ग्लेब म्हणाला.

याला हेच उत्तर असतं. पण ते फारच पटकन आलं, असं झाखारला वाटलं. त्याने मोठी चूल पेटवली आणि बिडाचा तवा वर ठेवला. तवा त्याने स्वतः ओतलेला होता, वार्वारा जन्मली त्या वर्षी. तो तापायला वेळ घेतो आणि तापला की गार होत नाही.

"तुम्ही इथलेच?"

"इथलाच. जुन्या बराकीत वाढलो, नदीपलीकडे."

"वडील काय करायचे?"

"पोस्टात होते."

"अळंबीला जायचे?"

"नाही. मासे धरायचे."

"पावसाळी दिवसांतही मासेच?"

"बाबा!" वार्वारा म्हणाली. "हे जेवण आहे की पोलीस चौकी?"

"बोलतोय आम्ही." झाखारने लोणी टाकलं, ते फेसाळून शांत झालं. मग त्याने मांसाचे मूठभर तुकडे टाकले, मूठभरच. जास्त टाकले तर पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी शिजतं. तुकडे चरचरले. त्याने ते उलटले, काढले, दुसरी मूठ टाकली. "पोस्टमन असेल तर बराच हिंडत असेल. गावोगाव."

"ते आत बसून शिक्के मारायचे," ग्लेब म्हणाला. "सायकलसुद्धा येत नव्हती त्यांना."

वार्वाराने कपाटातून तीन छोटे पेले काढले. ग्लेबने आपल्या पेल्यावर हात ठेवला.

"मला नको. गाडी आहे."

झाखारने हेही मनात नोंदवलं. जो पीत नाही तो स्वतःच्या जिभेवर पहारा ठेवतो. पहारा कशासाठी?

मांस सगळं भाजून झालं. आता कांदा. पातळ उभा चिरलेला, मंद आचेवर, न करपवता. कांदा काचेसारखा झाला की अळंबी. झाखारने भिजवलेल्या वाळक्या अळंब्यांचा वाडगा ओढला, पिळून चिरायला घेतली. ताजी तशीच वर्तमानपत्रावर पडली होती.

"बाबा, ही नाही घालत?"

"नाही."

"का? ताजी असताना वाळलेली?"

"अनोळखी हाताची अळंबी मी खात नाही."

स्वयंपाकघर लहान होतं, तिघंही हाताच्या अंतरावर. एखाद्याची अळंबी नाकारणं म्हणजे तोंडावर सांगणं की तू मला विष घालशील. ग्लेबच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने घसा खाकरला.

"झाखार येर्मोलायेविच, मला वाटतं मी खाली जाऊन गाडीत बसावं. वार्वारा, तू जेव."

"बस," वार्वारा म्हणाली. मग बापाकडे वळली. तिचा आवाज खाली गेला होता, आणि झाखारला माहीत होतं, तो खाली गेला की प्रकरण गंभीर असतं. "काय झालंय ते सांगा. काकडी उचलली का त्याने कुणाची?"

झाखारने सुरी ठेवली. नखाने टोपीवरची सुई काढली आणि टेबलावर ग्लेबसमोर ठेवली.

"हे काय आहे?"

ग्लेबने वाकून बघितलं. "झाडाचं आहे काहीतरी."

"कुठल्या झाडाचं?"

"मला झाडं कळत नाहीत. मला लिफ्ट कळतात."

"गुरुवारी माझ्या मागावर होतात का? कुठे होतात तुम्ही?"

"गुरुवारी? नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर. दोर बदलत होतो. अख्खी इमारत जिन्यात उभी राहून शिव्या देत होती, साक्षीदार शंभर मिळतील."

"आणि तुम्हाला अळंबं पिळून काढायला कुणी शिकवलं? खळगा झाकायला?"

"कसला खळगा?" ग्लेबने वार्वाराकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर शुद्ध गोंधळ होता. झाखारने मनातल्या मनात टकटक केलं आणि त्याला पोकळी ऐकू आली नाही. त्यामुळे तो अधिकच संशयाने बघायला लागला.

वार्वारा हसायला लागली होती. एकदम थांबली. खुर्ची ओढून बसली, वर्तमानपत्रावरचं एक अळंबं उचललं, बापाने ठेवलेली सुरी घेतली आणि बुंधा साफ करायला लागली. सुरी पाठीकडून धरायची, खालून वर तीन झटके, मग अळंबं पाव फेरा वळवायचं, पुन्हा तीन झटके. टोपी पाण्याखाली धरायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

असं अळंबं जगात एकच बाई साफ करायची.

"कांदा बघा," वार्वारा खाली मान घालून म्हणाली. "लागतोय."

झाखारने तवा बाजूला ओढला. हात आपोआप चालला. "कुणी नेलं तुला तिथे?"

"आईने."

"तिला वाट आठवत नव्हती."

"तुम्हाला सांगण्यापुरती आठवत नव्हती. मी नऊ वर्षांची असेन. महिन्यातून दोन रविवार तुमची भट्टीची पाळी असायची. तुम्ही फाटकातून आत गेलात की आम्ही बसमध्ये. तिने मला पहिल्याच दिवशी शपथ घातली, बाबाला सांगायचं नाही."

"का?"

"मी पण विचारलं होतं. ती म्हणाली, तो तुला जागा सांगायचा नाही कधी, म्हणून मी सांगते. आणि दुसरं कुणी येतंय असं वाटलं की तो जागा नीट जपतो, पहाटे उठून जातो. नाहीतर लोळत पडेल."

ग्लेब चपलेच्या तळाकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

झाखार स्टुलावर बसला. तीस वर्षं. पहिली बस. पुढच्या थांब्यावरून मागे चालत येणं, चिखलातून, गुडघा दुखत असताना. "आणि बाजारातली ती म्हातारी? तिच्याकडून पोलिना दर हिवाळ्यात वाळकी अळंबी आणायची ती?"

"म्हातारी नव्हतीच, बाबा."

"मी त्या अळंब्यांना नावं ठेवायचो."

"हो. म्हणायचात, ही बाई उन्हात वाळवते, चुलीवर वाळवायला हवीत. आई मोरीत जाऊन हसायची आणि यायची."

"चुलीवरच वाळवायला हवीत," झाखार म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटात त्याने स्वतःच्याच लार्चखालची चोरी खाल्ली होती, वर नाकही मुरडलं होतं. त्याला पोलिनाचा राग आला. मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना. तिच्या कबरीवर जाऊन भांडता आलं असतं, पण तिथेही ती हसलीच असती.

त्याला एक गोष्ट मात्र टोचत होती. "स्तासला माहीत होतं?"

"स्तासला मी नऊ वर्षं दलदलीच्या बाजूला नेलं. त्याला चार कडू अळंबी आणि डास मिळाले."

झाखारने मान हलवली. काम चोख होतं. मग तो हळूच ग्लेबकडे वळला. "आणि तुम्ही? आज सकाळी?"

"मी गाडीत होतो."

"कुठे उभी केली होती?"

"रस्त्यावर. एक दगड आहे तिथे." ग्लेबने वार्वाराकडे बघितलं. "वार्वारा म्हणाली डोळे मीट आणि शंभर मोज."

"आणि मोजले?"

"चाळीसपर्यंत मोजले. मग झोप लागली. आठवडाभर गच्चीवर होतो मी. ती परत आली, काचेवर टकटक केलं, तेव्हा जाग आली."

"उतरल्यावर ती कुठल्या बाजूला गेली? ओढ्याकडे की वर?"

"तिथे ओढा आहे?" ग्लेबने विचारलं.

झाखारने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा उत्तर देतो. याने प्रश्न विचारला होता. झाखारला अजूनही पूर्ण पटलं नव्हतं. पूर्ण पटणं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. पण तो उठला, भिजवलेल्या वाळक्या अळंब्यांचा वाडगा बाजूला सारला आणि तवा पुन्हा आचेवर घेतला.

"चिरून दे ती," तो वार्वाराला म्हणाला. "जाड. पातळ केलीस तर विरघळतील."

ताजी अळंबी कांद्यात पडली. आधी पाणी सुटलं, मग आटलं, मग कडा तांबूस झाल्या. झाखारने एक चमचा पीठ भुरभुरलं, हलवलं, मांस परत टाकलं, झाकण ठेवलं. आच अगदी बारीक केली आणि साय घातली, एकदम नाही, चमच्या-चमच्याने. साय उकळली की फाटते. त्यासाठी चुलीसमोर उभं राहावं लागतं आणि दुसरं काहीही करायचं नसतं.  ग्लेबने तेवढ्यात डिंकाची बाटली कुठूनशी शोधली होती आणि चप्पल चिकटवून वर मिठाची बरणी वजनाला ठेवली होती.

"कुणी सांगितलं होतं?" झाखार म्हणाला.

"कुणी नाही."

"बरणी मधोमध ठेव. टाचेकडे तळ उचलला जाईल."

ग्लेबने बरणी मधोमध सरकवली. वार्वाराने बापाकडे बघितलं. तो आता अहो-जाहो करत नव्हता. तिने उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं टेबलावर ठेवलं.

जेवायला बसले. ग्लेब सावकाश जेवला. स्वतःच्या ताटातली काकडी संपल्यावर थांबला, वार्वाराने काकड्यांची बरणी पुढे केली तेव्हाच दुसरी घेतली. साय फाटली नव्हती. मांस दाताला लागत नव्हतं. अळंब्यांचा वास असा की झाखारला पोलिना मागे उभी असल्यासारखं वाटलं, आणि त्याने मान वळवली नाही.

"चांगलं झालंय," ग्लेब म्हणाला.

"मीठ?"

"कमी आहे थोडं."

झाखारने मान डोलवली. खरं होतं, कमी होतं. पहिल्या भेटीत सगळं छान म्हणणारा माणूस त्याला नको होता.

"सगळी नाही आणली मी," वार्वारा पावाने ताट पुसत म्हणाली. "चौथ्याखालची पिल्लं तशीच ठेवलीत. अकरा आहेत. वर शेवाळ ओढलंय."

झाखारचा काटा ताटात वाजला. "किती?"

"अकरा."

"चौदा होती."

"अकरा, बाबा. मी मोजली."

"मी गुरुवारी मोजली. चौदा. दोनदा मोजली."

दोघांनी एकदम ग्लेबकडे बघितलं. ग्लेबने तोंडातला घास गिळला आणि दोन्ही हात वर केले.

"चाळीसपर्यंत मोजले. शपथ."

"याने नाही घेतली," वार्वारा म्हणाली. तिच्या कपाळाला अगदी बापासारखी आडवी आठी पडली होती. "तिथे तीन बुंधे होते. कापलेले. मला वाटलं तुम्हीच कापलेत."

"मी? सुरीने?"

"म्हटलं तुम्हाला आता वाकवत नसेल."

"मला वाकवत नाही?" झाखार उभा राहिला, पुन्हा बसला. "खळगे झाकले होते?"

"उघडेच. शेवाळ लाथेने उडवलेलं."

 लाथेने. आणि बटणाएवढी पिल्लं! तो दुसरा निदान कारागीर होता. आता तर तो घरातलाच निघाला. हा मात्र खरा चोर होता.

"सायकलवाला असेल," वार्वारा म्हणाली. "आज सकाळी दगडापाशी चाकाचा माग होता."

"रुंद की अरुंद?"

"रुंद."

"मग मोटरसायकल." झाखारने ताट बाजूला सारलं आणि टेबलावर बोटाने ओढा काढला, दगड काढला, सात टिंबं काढली. वार्वारा वाकून बघत होती. मग त्याला एकदम काहीतरी आठवलं. त्याने तळहाताने सगळं पुसून टाकलं आणि ग्लेबकडे बघितलं.

"उद्या रविवार. काम नाही ना तुला?"

"नाही."

"मग पाचला खाली ये, गाडी घेऊन. दगडापाशी उभी करायची नाही. त्याच्या अलीकडे, वाकलेला बर्च आहे तिथे." झाखारने तव्यातलं उरलेलं सगळं त्याच्या ताटात वाढलं आणि तळही चमच्याने खरवडून घेतला. "आणि या वेळी शंभरपर्यंत मोज. डोळे मिटून."